एका वाणाला एक जीभ

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलंय आणि उत्तराला उशीर झाला, म्हणून आधीच कान धरतो. पण या दिवसांत माझी संध्याकाळ माझी नसते, हे तुला ठाऊक आहे. दुधीची फुलं दिवस मावळताना उमलतात आणि त्यांना जरा थांबा म्हणून सांगता येत नाही. आदल्या दिवशी मादी कळ्यांवर कागदी पिशव्या चढवायच्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावायचे, पुन्हा पिशवी बांधायची, देठाला चिठ्ठी अडकवायची. ही म्हणते, स्वतःच्या लग्नात तुम्ही इतकी धावपळ केली नव्हती, जेवढी या भोपळ्यांच्या लग्नात करता.

आता खरी बातमी. आपला संकरित दुधी या हंगामात संशोधन केंद्राच्या कुंपणाबाहेर पडतोय! साहेबांनी चाचणीसाठी बागायतदारांना बी द्यायला परवानगी दिली. मादी वाण नानांनी केंद्राचे प्रमुख असताना उभा केलेला, नर वाण माझा. दोघांच्या संकराला साध्या वेलीच्या दुप्पट फळं धरतात. आखूड, सरळ, एका घराला एका वेळी पुरतील अशी. माझी थोरली पाळण्यात होती तेव्हा हे काम सुरू केलं होतं, आता ती मला हिशेबाच्या चुका दाखवते. नानांच्या मनात या वाणाला आईचं नाव द्यायचं आहे. मला नाही सांगितलं, रखवालदाराला सांगितलं, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

नानांचं म्हणशील तर त्यांना वाफ्यातलं काम द्यायची तुझी मात्रा लागू पडली. आई गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस आता माझ्याआधी चपला घालून दारात उभा असतो. बी भिजवणं, पेरणं आणि चाखणं ही तिन्ही कामं त्यांच्याकडे दिली आहेत. चाखणं म्हणजे काय ते तुझ्या पोरांनी विचारलं होतं, म्हणून सांगतो. कुंपणापलीकडे कडू रानदुधी माजलाय. एखादी पिशवी फाटली की त्याचे पराग आत शिरतात, आणि तो कडूपणा त्या फळात कळत नाही, पुढच्या पिढीत उगवतो. म्हणून प्रत्येक वेलीचं पहिलं कोवळं फळ देठाकडून कापायचं, चकती जिभेला लावायची, थुंकायची. कडू लागली की वेल मुळासकट उपटायची. हे काम एकाच माणसाने करायचं. एका वाणाला एक जीभ, हा नानांचाच जुना नियम. दोघांनी चाखलं की दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर राहतात, असं ते म्हणायचे. मादी वाणाची जीभ अर्थातच त्यांची.

भावजींना नमस्कार, पोरांना पापे. तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझा,
ढब्बू

२१ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मी शिवणाचं मशीन बंद केलं आणि ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, तुझ्या भावाला सांग, भोपळ्यांची लग्नं लावतोस तर आमच्या डेपोतल्या दोन-तीन मेकॅनिकांचंही बघ. बाकी त्यांनाही फार बरं वाटलं. आणि आईचं नाव द्यायचं म्हणजे कमालच. तिने आयुष्यभर तुम्हा दोघांचे मातीचे पाय पुसले आणि दुधीचं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या घालायची. आता दुधीलाच तिचं नाव! वर बसून हसत असेल.

नाना मागच्या महिन्यात इथे आले होते, तेव्हाची गंमत सांगायची राहिली. घाईत मी त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. माझ्या कपाचा पहिला घोट घेतला तेव्हा कळलं, आणि धावत बाहेर आले तर त्यांचा कप रिकामा! वर म्हणतात, चहा फक्कड झाला होता. आठवतं ना, चहात साखर जरा कमी पडली तर हा माणूस आईला किती बोलायचा? आता मन राखायला शिकलेत. मला इतकं भरून आलं की आत जाऊन रडले. आई गेल्यापासून फार मवाळ झालेत रे. त्यांना सांभाळ. तुला मी दूर बसून उपदेश करते, पण रात्रंदिवस जवळ तू आहेस आणि वहिनी आहेत, हे मी विसरत नाही.

वहिनींना म्हणावं, निळ्या कापडाचा झगा शिवून झालाय, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवते. आठवण ठेवतोसच, पण कागदावर उतरवत जा.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र भावजींनाच दाखव, पोरांच्या हाती पडू देऊ नकोस.

मागच्या आठवड्यात आमच्या रखवालदाराने संकराच्या वाफ्यातला एक दुधी घरी नेला. मीच म्हटलं होतं, घेऊन जा. त्याच्या बायकोने कोणीतरी सांगितलं म्हणून कच्च्याचा रस काढून प्यायला. कडू लागला, पण औषधासारखा डोळे मिटून संपवला. थोड्या वेळाने उलट्या सुरू झाल्या, त्यात रक्त पडलं. आम्ही तिला केंद्राच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुधी कडू असला की विष असतो, थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती. अजून तिथेच आहे. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही.

मी परत येऊन वाफ्यातलं एक-एक फळ चाखलं. ताई, तोंड भाजल्यासारखं झालं. एक सोडून दुसरं कडू. मग मादी वाणाच्या वाफ्यात गेलो. नियम मोडला आणि नानांनी पास केलेल्या वेली चाखल्या. तिथेही तेच. म्हणजे मागच्या हंगामातही कडू वेली सुटल्या, त्यांचंच बी धरलं, आणि आता सगळा वाण नासलाय. माझ्यापर्यंत शंकासुद्धा आली नाही. नानांच्या जिभेवर दुसरी जीभ लावायची म्हणजे त्यांचा अपमान, असंच मनात बसलं होतं.

नंतर मी जे केलं ते तुलाच सांगतो. त्यातल्याच एका कडू फळाची चकती कापली आणि काही न बोलता नानांपुढे धरली. त्यांनी नेहमीसारखी जिभेवर फिरवली, थुंकली आणि म्हणाले, साखर आहे, साखर. त्यांच्या डोळ्यांत किती समाधान होतं! मी तोंड फिरवून पंपाकडे चालता झालो. त्यांना काहीच लागत नाही, ताई, आणि लागत नाही हे त्यांना कळतही नाही. डॉक्टरांना नाव न घेता विचारलं, तर म्हणाले, उतारवयात होतं असं, चव हळूहळू जाते आणि माणूस आठवणीवरच जेवत राहतो.

साहेबांनी हुकूम दिलाय, दिलेलं सगळं बी परत मागवा आणि दोन्ही वाफे साफ करा. माझं काय व्हायचं ते होईल. पण नानांना काय सांगू? रखवालदाराची बायको त्यांना लेकीसारखी. ती कशाने आजारी पडली हे अजून त्यांना सांगितलेलं नाही, पोटाचं दुखणं एवढंच म्हटलंय. आज ना उद्या विचारतील. डोकं चालत नाही. तूच काहीतरी सुचव.

तुझा,
ढब्बू

२२ मार्च

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तो मिठाचा चहा आठवला. त्यावर मी काय लिहिलं होतं तेही आठवलं. दिवसभर एक शिलाई सरळ पडली नाही.

तुझं नुकसान मला कळत नाही असं समजू नकोस. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासूनचं काम उपटून टाकायचं म्हणजे काय, ते मला कळतं. पण पाया पडते, नानांना सांगू नकोस. त्यांच्यापाशी आता दुसरं आहे काय? आई नाही, अधिकार नाही, एक जीभ तेवढी होती. तुमच्या जिभेने त्या बाईला मरणाच्या दारात नेलं, हे ऐकून तो माणूस किती दिवस जगेल? पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजतील आणि या वेळी उठणार नाहीत. काहीतरी दुसरं कारण सांग. साहेबांवर ढकल, कीड पडली म्हण, काहीही म्हण. खोटं बोलायचं पाप माझ्या माथी.

ह्यांना हे पटत नाही. म्हणतात, झाकल्या मुठीत विंचू ठेवू नये. पण बाप माझा आहे, ह्यांचा नाही. तू माझं ऐक.

रखवालदाराच्या बायकोला काय लागेल ते कळव, मी पाठवते. धीर सोडू नकोस, लहानपणी अंधारात माझा हात धरायचास तसाच धर.

तुझी,
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. साहेबांवर ढकलता आलं नाही. नाना तडक त्यांच्या खोलीत जाऊन भांडले असते आणि सगळं बाहेर आलं असतं. कीड म्हणावं, तर नानांइतकी कीड कोण ओळखतं? म्हणून मीच म्हटलं की बाजारात आता लांब दुधी चालतो, आखूड वाण कोणी घेणार नाही, मी हे काम बंद करतोय, जागा दुसऱ्या वाणाला हवी आहे.

नाना आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग मजूर वेली ओढायला लागले तेव्हा मधे जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, बाजार बघून वाण बदलणारा माणूस दुकानात बसावा, वाफ्यात नाही. सगळ्यांसमोर भित्रा म्हणाले. आईचं नाव पायाखाली तुडवलंस म्हणाले. रखवालदार शेजारी उभा होता. त्याची बायको अजून भिंत धरून चालते आणि का ते त्याला माहीत आहे. पण मी विनंती केली होती म्हणून तो मान खाली घालून गप्प राहिला. त्याच्या उपकारातून मी कधी उतराई होणार नाही.

वेली मीच जाळल्या. हिरव्या होत्या, जळेनात. फळांनी लगडलेल्या होत्या, ताई. असं पीक या केंद्रावर कोणी पाहिलं नसेल. बी बारा वाटा गेलं, तेही शोधून शोधून परत आणलं.

तेव्हापासून नाना माझ्याशी बोलत नाहीत. ताट मी वाढलं तर उठून जातात, हिने वाढलं तर जेवतात. थोरलीला म्हणाले, तुझ्या बापाला विचार, मला लेकीकडे जायचं आहे, तिकीट काढेल का? काढलंय. शनिवारच्या गाडीने येतील. मला वाईट वाटतं असं लिहिलं तर खोटं ठरेल, कारण वाईट वाटण्याच्या पलीकडे गेलोय. त्यांच्या जिभेची लाज राखली आणि बाप गमावला. तुझ्याकडे तरी त्यांना सुख लाभो.

तुझा,
ढब्बू

७ एप्रिल

चि. ताईस,
अ. उ. आ.

मी शनिवारी येत आहे. जावईबापूंना गाडीवर यायला सांगावे, माझ्याजवळ सामान फार नाही.

तुझ्या भावाविषयी इथे काही लिहीत नाही, कारण लिहायला बसलो तर शाई कडू होईल. एवढंच सांगतो, प्रत्येक वेल मी स्वतः चाखली होती. एकही फळ वाईट नव्हतं. एक जरी असतं तरी ती वेल मीच आधी उपटली असती, पोटच्या पोराची असती तरी ठेवली नसती. माझ्या हाताखाली माणसं घाबरायची ती त्याचसाठी. त्या मुलाला एवढीही पारख नाही, की असं पीक जाळायचं नसतं.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. वेली ओढत होते तेव्हा एक पक्कं फळ मी कोटाखाली घालून आणलं. बी काढून, धुऊन, सावलीत वाळवलं आहे. तुझ्या मागच्या अंगणात नळाजवळ ऊन चांगलं येतं, ते मी मागे पाहून ठेवलं होतं. तिथे लावू. भावाला कळवू नकोस. पहिलं फळ पोरांना खाऊ घालू आणि मग त्याला बोलावून ताटात वाढू. तुझ्या आईचं नाव असं राखेत जाऊ देणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. मुलांना म्हणावं, आजोबा काम घेऊन येत आहेत.

तुझे,
नाना

२ मे

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुला कळवू नकोस असं नानांनी बजावलं होतं, आणि इतके दिवस मी तेही ऐकलं. आता राहवत नाही. नानांनी मादी वाणाचं एक फळ लपवून आणलं. ते बी माझ्या अंगणात लावायचं आणि पहिलं फळ माझ्या पोरांना द्यायचं, असा त्यांचा बेत.

आल्या दिवसापासून ते अगदी तरतरीत होते. पोरांना घेऊन माती चाळली, आळं केलं, दोऱ्या बांधल्या. धाकटा तर आजोबांची पाठ सोडत नव्हता. वेल वाढू द्यावी आणि फळं धरली की गुपचूप तोडावीत, असं आधी वाटलं. पण नाना वेलीपासून हलणारे नव्हेत, आणि माझा धाकटा दिसेल ते तोंडात घालतो. बी फेकून द्यावं, तर सगळं घर उलटंपालटं करून शोधलं असतं.

त्यांनी बी वाटीत भिजत घातलं आणि पोरांना घेऊन फिरायला गेले. मी पाणी उकळलं आणि वाटीत ओतलं. निवल्यावर ते काढून पुन्हा नळाचं भरून ठेवलं. आल्यावर त्यांनी एक-एक बी बोटांनी चाचपलं, छान फुगलंय म्हणाले, आणि पेरलं.

मग रोज वाट पाहणं सुरू झालं. दिवस उजाडला की आळ्याशी जाऊन बसायचे. पोरांना सांगायचे, उद्या नक्की. पोरं आता विचारत नाहीत, तेव्हा तेच विचारतात, तुम्हाला काही दिसतं का रे? काल त्यांनी बोटाने माती उकरली. आत लगदा झाला होता. कितीतरी वेळ हात मातीतच ठेवून बसले. मग म्हणाले, बी चांगलं होतं, माझा हात गेला. आज सकाळी उठले नाहीत. तोंड भिंतीकडे आहे.

ज्याला भ्यायले होते तेच झालं, आणि ते मी माझ्या हाताने केलं. सगळं सांगून टाकू का? लवकर लिही रे.

तुझी,
ताई

६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांग. जिभेचंही सांग आणि पाण्याचंही. रखवालदाराच्या बायकोचं तेवढं अजून मागे ठेव. मला भित्रा म्हणाले ते मी सोसलं, पण त्यांनी स्वतःच्या हाताला नावं ठेवलेली मला सोसवत नाहीत. त्यांच्या हाताचं बी कधी वाया गेलेलं मी पाहिलं नाही. हे वाक्य माझ्या नावाने त्यांना वाचून दाखव.

ती बाई आता दारापर्यंत येते. वजन निम्म्यावर आलंय. मला पाहिलं की अजूनही हसते आणि मला मान वर करवत नाही. साहेबांनी मला कार्यालयात बसवलंय, वाफ्यात जायचं नाही. संध्याकाळी फुलं उमलायच्या वेळेला मी घरी येऊन नुसता बसतो.

तू एकटीने केलंस असं मनात आणू नकोस. खोटं आपण दोघांनी मिळून पेरलं.

तुझा,
ढब्बू

१९ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुला पत्र लिहायला हात धजत नव्हता. तुझ्या ताईने तुझ्या पत्रातलं माझ्या हाताविषयीचं वाक्य वाचून दाखवलं. वाचता वाचता ती फार रडली.

त्या दिवशी तिने मला पुष्कळ काही सांगितलं. नाना, तुमची जीभ गेली आहे म्हणाली. बी मीच उकळत्या पाण्यात घातलं म्हणाली. बापाचं मन राखायला पोर काय काय रचते! माझी जीभ शाबूत आहे. रोज जेवतो, सगळं छान लागतं. आणि जी मुंगी पायाखाली आली तरी हळहळते, ती बी शिजवील का? मी तिला म्हटलं, बरं, तसं असेल. तिच्या समाधानासाठी म्हटलं.

पण पडल्या पडल्या विचार केला तेव्हा खरी गोष्ट कळली. माझा हात गेलाय हे तुला आधीच कळलं होतं. केंद्रात मी भिजवलेलं बीही नीट उगवत नसणार. तू माझ्या नकळत दुसरं लावून वाफे भरत असशील. शेवटी जमेना तेव्हा वाण मोडलास, बाजाराचं कारण पुढे केलंस, चारचौघांत माझ्या शिव्या खाल्ल्यास, पण म्हाताऱ्याच्या हाताला बोल लावला नाहीस. आणि मी तुला भित्रा म्हणालो. बाळ, मला क्षमा कर. असा मुलगा पोटी आला हे तुझ्या आईचं पुण्य, माझं नव्हे.

मी आता बियाला हात लावत नाही. शेजारच्या बाईंनी कुंडी पाहायला बोलावलं होतं, गेलो नाही. इथेच बरा आहे, मला न्यायला येऊ नकोस.

त्या फळाचं थोडं बी कोटाच्या खिशात कोरडं राहिलं होतं. माझ्या ओल्या हाताचा त्याला स्पर्श नाही. ते या पत्रासोबत पाठवतो आहे. तू लाव. तुझा हात तरुण आहे, तुझ्याकडे उगवेल. चाखायची गरज नाही, ते मी चाखलेलं आहे.

रखवालदाराच्या बायकोला अजून ताकद आली नाही असं ऐकलं. पहिलं कोवळं फळ तिला दे. माझ्या नावाने दे, म्हणजे ती नको म्हणणार नाही.

सुनेला व मुलींना आशीर्वाद. माझ्यावरचा राग गेला असेल तर दोन ओळी लिही.

तुझे,
नाना